क्रॉमवेलचा हरवलेला कागद आणि रिचर्डचे पावणेनऊ महिने

१६५८ चा ऑगस्ट महिना. हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यात ऑलिव्हर क्रॉमवेल आजारी पडलाय. लाडकी लेक एलिझाबेथ ६ ऑगस्टला गेली, त्यातून तो सावरलेलाच नाही आणि वर हा ताप. अशात तो जॉन बॅरिंग्टन नावाच्या माणसाला लंडनला पाठवतो, व्हाईटहॉल राजवाड्यातल्या माझ्या खोलीत टेबलावर एक सीलबंद कागद ठेवलाय तेवढा घेऊन ये म्हणून. त्या कागदात एक नाव होतं. आपल्यामागे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडचा लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे राजाऐवजीचा राज्यप्रमुख, कोणी व्हायचं ते नाव. कागद वर्षभर आधी लिहिलेला, पत्रासारखा घडी घालून सील केलेला, वर पत्ता जॉन थर्लोचा, म्हणजे सरकारचा सेक्रेटरी आणि हेरखातं सांभाळणारा माणूस. पण थर्लोच्या हातात तो कधी दिलाच नव्हता, आणि आत कोणाचं नाव आहे हेही त्याला सांगितलं नव्हतं. बॅरिंग्टनने टेबल पाहिलं, मग सगळीकडे शोधाशोध झाली, कागद मिळाला नाही. आजतागायत मिळालेला नाही.

हे सगळं आपल्याला थर्लोच्याच पत्रातून कळतं. ३० ऑगस्टला त्याने ते ऑलिव्हरच्या धाकट्या मुलाला, आयर्लंडमध्ये असलेल्या हेन्रीला लिहिलं. थर्लोचे हे कागद पुढे कित्येक वर्षांनी लंडनच्या लिंकन्स इन मधल्या खोल्यांच्या माळ्यावर, खोट्या छतामागे लपवलेले सापडले. हजारो पत्रं, हेरांचे रिपोर्ट, हिशेब असं सगळं जपून राहिलं आणि ज्या एका कागदावर तीन देशांचं राज्य अडलं होतं तोच गेला, याची मला दर वेळी वाचताना हळहळ वाटते.

रिचर्ड क्रॉमवेलची गोष्ट साधारण अशी सांगतात की बाप वाघ होता, पोरगा शेळी निघाला, गादी झेपली नाही, संपलं. मला हे उत्तर पटत नाही. रिचर्ड बापाच्या तोडीचा नव्हता हे खरंच, पण त्या खुर्चीत कोणीही बसला असता तरी त्याच्या पायाखाली तेच फुटके पाट होते. म्हणून हे प्रकरण जरा नीट, कागद आणि तारखा बघत मांडतो.

आधी मागचं थोडं, भराभर. ३० जानेवारी १६४९ ला राजा पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं, मार्चमध्ये राजेशाही आणि हाऊस ऑफ लॉर्ड्स दोन्ही कायद्याने रद्द केले, मे महिन्यात इंग्लंड प्रजासत्ताक असल्याचं जाहीर झालं. राज्य करत होतं ते पार्लमेंटचं उरलेलं शेपूट, कारण डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइडने दारात सैनिक उभे करून नको ते खासदार आधीच बाहेर ठेवले होते. लोक त्याला रम्प म्हणायचे. २० एप्रिल १६५३ ला क्रॉमवेलने त्या रम्पलाही सैनिक घालून हाकललं. मग काही महिने नेमलेल्या लोकांची एक सभा चालवून बघितली, ती डिसेंबरात मोडली आणि १६ डिसेंबर १६५३ ला क्रॉमवेलने लॉर्ड प्रोटेक्टर म्हणून शपथ घेतली. म्हणजे पाच वर्षांत राज्य तीन-चारदा बदललं आणि दर वेळी बदल घडवणारा हात एकच, फौजेचा. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन थांबतं.

आता वारसा. राजा असला की प्रश्न नसतो, राजा मेला, राजा जिवंत राहो, थोरला मुलगा गादीवर. प्रजासत्ताकाने ती सोय स्वतःच मोडली होती, तर तिच्या जागी काय?

पहिलं उत्तर १६५३ च्या घटनेत होतं. तिचं नाव इन्स्ट्रुमेंट ऑफ गव्हर्नमेंट, ४२ कलमं, आणि ती घडवण्यात मोठा वाटा जनरल जॉन लॅम्बर्टचा. त्यातलं ३२ वं कलम अगदी साफ होतं, प्रोटेक्टरचं पद निवडून द्यायचं, वंशपरंपरागत नाही, प्रोटेक्टर वारला की कौन्सिलने, म्हणजे त्याच्या सल्लागार मंडळाने, बसून नवा निवडायचा, आणि मेलेल्या राजाच्या वंशातला कोणीही चालणार नाही. लॅम्बर्ट तेव्हा पस्तिशीच्या आसपासचा, फौजेचा लाडका, कौन्सिलमध्ये वजनदार. ऑलिव्हरनंतर कोण असं त्या काळात कोणी विचारलं असतं तर पुष्कळांनी त्याचंच नाव घेतलं असतं.

दुसरं उत्तर १६५७ मध्ये आलं आणि त्याने पहिलं पुसून टाकलं. पार्लमेंटने क्रॉमवेलला चक्क राजमुकुट देऊ केला. पार्लमेंटमधल्या वकील मंडळींचं म्हणणं सरळ होतं, राजाला काय करता येतं आणि काय नाही हे देशाच्या कायद्याला शेकडो वर्षं ठाऊक आहे, प्रोटेक्टर म्हणजे काय ते कुठल्याच पुस्तकात नाही. क्रॉमवेल आठवडेच्या आठवडे घोळत राहिला, आणि फौजेतले अधिकारी, त्यात त्याचा स्वतःचा जावई चार्ल्स फ्लीटवूड आणि बहिणीचा नवरा जॉन डेसबरो, सगळे विरोधात उभे राहिले तेव्हा ८ मे १६५७ ला त्याने शेवटचा नकार दिला. मुकुट तेवढा वगळून बाकीची घटना त्याने घेतली. तिचं नाव हम्बल पिटिशन अँड अॅडव्हाइस, नम्र अर्ज आणि सल्ला. २६ जूनला जांभळ्या झग्यात, हातात सोन्याचा दंड घेऊन त्याचा दुसऱ्यांदा शपथविधी झाला. लॅम्बर्टने नवी शपथ घ्यायला नकार दिला आणि पदं सोडून घरी बसला. म्हणजे जुन्या घटनेप्रमाणे ज्याचा नंबर लागला असता तोच माणूस एका उन्हाळ्यात स्पर्धेतून बाहेर.

या नव्या घटनेच्या पहिल्याच कलमात वारसाची सोय होती. प्रोटेक्टरने आपल्या हयातीत आपला वारस नेमावा आणि जाहीर करावा, एवढंच. लेखी की तोंडी, साक्षीदार किती, कौन्सिलला कळवायचं का, नाव बदलायचं असेल तर काय, वारस नेमायच्या आधीच प्रोटेक्टर मेला तर काय, यातलं काहीही त्यात नाही. आपल्याकडे वाडवडिलार्जित दोन एकर जमीन नावावर करायची तरी तलाठ्यापासून सगळ्यांच्या सह्या लागतात आणि इथे तीन देश तोंडाच्या शब्दावर सोपवायची मुभा होती.

याच घटनेत आणखी एक वाक्य होतं जे रिचर्डच्या मुळावर आलं, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा उल्लेखही होत नाही. फौजेच्या कलमात म्हटलंय की सध्याच्या प्रोटेक्टरच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांच्या हाताखाली जो सरसेनापती असेल तो, आणि नव्याने नेमले जाणारे वरचे अधिकारी, हे कौन्सिलच्या संमतीनेच नेमायचे. परत वाचा. वारसाच्या हाताखालचा सरसेनापती. म्हणजे ऑलिव्हर असेपर्यंत राज्यप्रमुख आणि सरसेनापती एकच माणूस, पण त्याच्यानंतर हे दोन वेगळे असू शकतात अशी फट कायद्यातच ठेवलेली होती. ज्याने लिहिलं त्याच्या मनात बहुधा नव्या प्रोटेक्टरवर अंकुश ठेवायचा एवढंच असेल. पण फौजेच्या अधिकाऱ्यांना ते वाक्य सनदेसारखं वापरता आलं.

आता परत ऑगस्टच्या शेवटाकडे. ३० तारखेला लंडनवर असं वादळ आलं की झाडं मुळापासून उपटली. क्रॉमवेल तोवर व्हाईटहॉलला आणलेला, शुद्ध येत-जात होती. त्याच दिवशी त्याचा जावई लॉर्ड फॉकनबर्ग हेन्रीला कळवत होता की वारस अजून ठरलेला नाही, थर्लो विचारीन म्हणतो पण विचारत नाही, कारण उद्या हा बरा झाला तर रागावेल, आणि ज्याचं नाव येणार नाही तोही रागावेल. नंतर थर्लोने लिहिलं की सोमवारी, म्हणजे ३० लाच, ऑलिव्हरने रिचर्डचं नाव घेतलं. फॉकनबर्गने लिहिलं की गुरुवारी रात्री, २ सप्टेंबरला, त्याआधी नाही. दोघं एकाच वाड्यात, दोघं आतल्या गोटातले, दोघांच्या तारखा वेगळ्या. ३ सप्टेंबरच्या दुपारी क्रॉमवेल गेला, डनबार आणि वूस्टरच्या त्याच्या मोठ्या विजयांची तीच तारीख.

मरणाच्या दारातल्या माणसाला नाव विचारलं, त्याने हो म्हटलं की नुसती मान हलवली की काहीच नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही. हरवलेल्या कागदात फ्लीटवूडचं नाव होतं अशी कुजबुज नंतर झाली. माझं मत विचाराल तर ऑलिव्हरने शेवटी रिचर्डचं नाव घेतलं असावं, कारण दुसऱ्या कोणाचं घेतलं असतं तर खोलीतल्या इतक्या माणसांतून ते बाहेर आलंच असतं. पण कागदातही रिचर्डच होता का, याबद्दल मला शंका आहे. १६५७ च्या सुरुवातीपर्यंत रिचर्ड राज्यकारभारात कुठेच नव्हता.

गंमत म्हणजे त्या दिवशी या सगळ्यावरून काहीच झालं नाही. कौन्सिल ३ तारखेच्या संध्याकाळी बसलं, एकमताने रिचर्डला मान्य केलं, ४ ला दवंडी पिटली. गावागावांतून, पलटणींतून, चर्चच्या मंडळींकडून अभिनंदनाची पत्रं यायला लागली. परदेशात मारलेल्या राजाचा मुलगा, राजपुत्र चार्ल्स, दबा धरून बसला होता, त्याच्या माणसांना वाटत होतं ऑलिव्हर मेला की दुसऱ्या दिवशी इंग्लंड पेटेल, तसलं काहीही झालं नाही. थर्लोने हेन्रीला लिहिलं की इतकी शांतता आहे की एक कुत्रंही जीभ हलवत नाही. म्हणून मी म्हणतो की वाद वारस कोण यावरून पेटला नाही. ते सगळ्यांनी गिळलं. वारशात नेमकं काय काय मिळालं, यावरून पेटला.

रिचर्ड कोण होता? जन्म ४ ऑक्टोबर १६२६, म्हणजे सत्ता आली तेव्हा बत्तिशीला महिना कमी. दोन थोरले भाऊ तरुणपणीच वारलेले. १६४९ मध्ये हॅम्पशायरमधल्या हर्सलीच्या डोरोथी मेजरशी लग्न केलं आणि सासरच्या वाड्यावर राहून शेतीवाडी, शिकार, आणि कर्ज. बाप त्याच्या उधळेपणाबद्दल आणि आळसाबद्दल व्याह्याला पत्रं लिहायचा. खासदार दोनदा झाला. मग नवी घटना आल्यावर एकदम घाई सुरू झाली, जुलै १६५७ मध्ये ऑक्सफर्डचा चॅन्सलर, डिसेंबरात कौन्सिलमध्ये, १६५८ च्या सुरुवातीला एक पलटण. वर्षभराची शिकवणी. धाकटा हेन्री मात्र फौजेत वाढलेला, आयर्लंड सांभाळत असलेला. ऑलिव्हरने हेन्रीला का नाही निवडलं हा प्रश्न लोक विचारतात. थोरला असताना धाकट्याला गादी दिली तर घरातच फूट, हे एक कारण असेल, पण हेन्रीचं आणि लंडनच्या जनरल मंडळींचं आधीच फाटलेलं होतं हेही आहे. रिचर्ड कोणाच्या डोळ्यात खुपत नव्हता. तेच त्याचं भांडवल आणि तेच त्याचं दुखणं.

माणूस म्हणून तो मूर्ख नव्हता. त्याची भाषणं ऐकून विरोधकही चकित झाले, हा इतकं चांगलं बोलतो हे कोणाला माहीतच नव्हतं.

पहिली ठिणगी ऑक्टोबर १६५८ ला. अधिकाऱ्यांची मागणी आली की फ्लीटवूडला सरसेनापती करा आणि कोर्टमार्शल केल्याशिवाय कोणत्याही अधिकाऱ्याला काढू नका. फ्लीटवूड म्हणजे रिचर्डचा दाजी, बहीण ब्रिजेटचा नवरा. डेसबरो म्हणजे आत्याचे यजमान. सगळं घरातलंच. फ्लीटवूडचं घर वॉलिंगफर्ड हाऊस, व्हाईटहॉलला अगदी खेटून, तिथे अधिकाऱ्यांच्या बैठका भरायच्या आणि तिथे काय शिजतंय हे राजवाड्यात बसून कळायचं. त्यांचा मुद्दा होता की ज्याने कधी लढाई पाहिली नाही तो आमच्या नेमणुका आणि बडतर्फ्या कशा करणार, आणि घटनेतच तर वेगळ्या सरसेनापतीची भाषा आहे. १८ ऑक्टोबरला रिचर्डने सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावून समजावलं, फ्लीटवूड माझ्या हाताखाली लेफ्टनंट जनरल राहील पण फौजेवरचा हुकूम मला सोडता येत नाही, कारण कायद्याने दिलेला विश्वास मी दुसऱ्याला दिला तर कायदाच मोडला. मला हे उत्तर बरोबर वाटतं, दुसरं कुठलं उत्तर दिलं असतं तर तो त्याच दिवशी संपला असता. पण यामुळे प्रश्न मिटला नाही, लांबला.

स्कॉटलंडमधून जनरल जॉर्ज मंकने रिचर्डला सुरुवातीलाच सल्ला पाठवला होता. दोन-दोन पलटणींची एक करा, त्या निमित्ताने उद्धट अधिकारी घरी पाठवा, खर्चही वाचेल, आणि घाबरू नका, कारण पदावरून काढलेल्या अधिकाऱ्याच्या मागे फौजेतली दोन माणसंसुद्धा जाणार नाहीत. अख्ख्या प्रकरणात इतका कामाचा सल्ला दुसऱ्या कोणी दिला नाही. मंक हे पक्क्या अनुभवातून बोलत होता, स्वतःच्या फौजेत त्याने पुढे तेच केलं. रिचर्डला ते जमलं नाही. का जमलं नाही याचं कारण तिजोरीत आहे.

सैनिकाला काढायचं तर आधी त्याचा थकलेला पगार चुकता करावा लागतो. आणि पैसा कुठे होता? ऑलिव्हरने मागे ठेवलेलं सरकारी कर्ज एप्रिल १६५९ मध्ये पार्लमेंटसमोर मांडलं तेव्हा ते जवळपास २५ लाख पौंड निघालं, वर्षाला तीन लाखांहून जास्त तूट, आणि फौजेचा थकलेला पगारच नऊ लाखांच्या आसपास. स्पेनशी युद्ध चालू, डंकर्क नुकतंच घेतलेलं, तिथली शिबंदी पोसायची. अशात ऑलिव्हरची अंत्ययात्रा २३ नोव्हेंबरला राजाच्या थाटात काढली, मेणाचा पुतळा, त्याच्या डोक्यावर मुकुट, हजारो वार काळं कापड, आणि बिलं पुढे कित्येक महिने थकलेली. उपाशी सैनिकांच्या डोळ्यांदेखत. मला वाटतं ही खरी चूक होती, आणि ती रिचर्डने एकट्याने केलेली नव्हती, कौन्सिलच्या सगळ्यांनी मिळून केली.

पैशासाठी पार्लमेंट बोलवावंच लागलं. २७ जानेवारी १६५९ ला ते भरलं. निवडणूक जुन्या, राजाच्या काळातल्या मतदारसंघांवर घेतली, वर स्कॉटलंड आणि आयर्लंडचे तीस-तीस खासदार. सरकारकडे बऱ्यापैकी बहुमत होतं. पण समोर मोजके, मुरलेले प्रजासत्ताकवादी होते, सर आर्थर हेझलरिग, सर हेन्री वेन, टॉमस स्कॉट, एडमंड लडलो, आणि लॅम्बर्टही परत खासदार होऊन आलेला. हेझलरिग एकेका भाषणात तासन्‌तास बोलायचा, अगदी इंग्लंडच्या आद्य राजांपासून सुरुवात करून.

१ फेब्रुवारीला थर्लोने बिल आणलं, रिचर्डला प्रोटेक्टर म्हणून मान्यता देण्याचं. आणि घोडं एका शब्दावर अडलं. मान्यता देणं म्हणजे तो आधीच हक्काने प्रोटेक्टर आहे हे कबूल करणं. हेझलरिग-वेन यांचं म्हणणं, ऑलिव्हर मेला त्या दिवशी सत्ता परत लोकांकडे, म्हणजे लोकांनी निवडलेल्या या सभागृहाकडे आली, आम्ही रिचर्डला करू तर तो होईल, नाहीतर नाही. त्यांनी त्याच्या हक्काचा एकेक टाका उसवायला घेतला. नेमणुकीचा कागद कुठे आहे? साक्षीदार कोण? ज्या घटनेने नेमण्याचा अधिकार दिला ती घटना ज्या पार्लमेंटने केली त्यातून १६५६ मध्ये शंभराच्या आसपास निवडून आलेले खासदार दारातच अडवले होते, मग ते पार्लमेंट कसलं? हे ऐकायला किचकट वाटेल पण प्रश्न खोटे नव्हते. स्वतः हेझलरिगचा रम्प कर्नल प्राइडच्या सैनिकांनी गाळून तयार झालेला होता हे मात्र त्याला आठवत नव्हतं. तिथे एकाही बाजूचा कागद संगिनीच्या टोकाने न लिहिलेला असा नव्हता.

दोन आठवड्यांनी १४ फेब्रुवारीला सभागृहाने रिचर्डला मान्य केलं, पण त्याचा हक्क ‘निर्विवाद’ आहे हा शब्द गाळून आणि त्याचे अधिकार किती हे नंतर ठरवू अशी मेख मारून. मग १६५७ च्या घटनेने लॉर्ड्सच्या जागी आणलेल्या, नेमलेल्या लोकांच्या दुसऱ्या सभागृहाशी व्यवहार करायचा की नाही यावर मार्च संपला, स्कॉटिश-आयरिश खासदारांना मतच नाही असा वाद त्यात घुसला. जवळजवळ प्रत्येक मतदान सरकारने जिंकलं. पण अडीच महिने गेले आणि फौजेच्या पगारासाठी एक पेनीही मंजूर झाली नाही. प्रजासत्ताकवाद्यांना जिंकायचं नव्हतंच, वेळ घालवायचा होता, आणि बाहेर छावण्यांत ‘गुड ओल्ड कॉज’, म्हणजे आपलं जुनं चांगलं ध्येय, या नावाने पत्रकं वाटली जात होती की राजा मारला तो यासाठी का, की पगार नाही आणि वर क्रॉमवेल घराण्याची गादी.

६ एप्रिलला अधिकाऱ्यांच्या सभेने रिचर्डकडे अर्ज दिला, पगार द्या आणि ध्येयाच्या शत्रूंना आवरा. पार्लमेंटने १८ एप्रिलला उलटा वार केला. प्रोटेक्टर आणि दोन्ही सभागृहांच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्यांची सभा भरायची नाही, आणि पार्लमेंटच्या कामात आडकाठी करणार नाही असं प्रत्येक अधिकाऱ्याने लिहून द्यायचं. रिचर्डने सभा बरखास्त केली, सगळ्यांना आपापल्या पलटणीत जायला सांगितलं. पगार आधी आणि हुकूम नंतर, हा क्रम उलटा झाला तिथे खेळ हातातून गेला असं माझं मत आहे. फक्त एक महिन्याचा पगार त्याच आठवड्यात वाटला असता तर शिपाई कोणाच्या मागे गेला असता ते सांगता येत नाही.

२१ एप्रिलला फ्लीटवूडने सेंट जेम्स राजवाड्यापाशी फौज जमवायचा हुकूम दिला. रिचर्डने व्हाईटहॉलला जमायचा हुकूम दिला. शिपायांनी पायांनी मत दिलं. एडवर्ड व्हॅली आणि विल्यम गॉफ हे कर्नल रिचर्डशी इमान राखून होते पण त्यांच्याच पलटणी त्यांना मागे टाकून सेंट जेम्सकडे चालू लागल्या. रिचर्डकडे उरल्या तुटपुंज्या तुकड्या. संध्याकाळी आत्याचे यजमान डेसबरो भेटायला आले, पार्लमेंट विसर्जित कर, आम्ही तुझी काळजी घेऊ, नाही केलंस तर आमच्या परीने आम्ही करूच. काही जणांनी त्याला सुचवलं की फ्लीटवूड-डेसबरोला पकडा, झुंजू या. आपलं मोठेपण टिकवायला रक्ताचा एक थेंबही सांडू देणार नाही, ते मोठेपणच मला ओझं आहे, असं तो म्हणाला असं सांगतात. रात्रभर विचार करून २२ तारखेला त्याने विसर्जनाच्या हुकमावर सही केली. खासदारांनी तो हुकूम ऐकून घ्यायला जायचंच नाकारलं, २५ पर्यंत सभा तहकूब केली, आणि परत आले तर दाराला कुलूप आणि समोर शिपाई.

फ्लीटवूड आणि डेसबरोला रिचर्ड हवा होता, नावापुरता, आपल्या मुठीत. पण खालच्या अधिकाऱ्यांना आता कुठलाच क्रॉमवेल नको होता. दोन आठवडे नुसती ओढाताण झाली आणि ७ मे ला तोच हाकललेला रम्प, मोजून ४२ जण, म्हाताऱ्या स्पीकर लेंथॉलला पुढे घालून परत सभागृहात आला. रिचर्डला कोणी पदच्युत केलं नाही, कोणी अटक केली नाही. २५ मे ला त्याचं एक पत्र वाचून दाखवलं, नव्या सरकारला माझा अडथळा नाही असं सांगणारं. त्याच्या कर्जाची यादीही जोडलेली होती, २९ हजार पौंडांच्या घरात, यातलं पुष्कळसं सरकारी खर्चातूनच आलेलं. ती फेडण्याचं आश्वासन मिळालं आणि हवेत विरलं. सावकारांचे बेलिफ येतील म्हणून तो व्हाईटहॉलमधून बाहेर पडायला घाबरत होता. हेन्रीने आयर्लंड न लढता जूनमध्ये सोडलं.

जिंकलेल्यांचं काय झालं ते थोडक्यात. ऑक्टोबर १६५९ मध्ये लॅम्बर्टने रम्पला परत हाकललं, डिसेंबरात रम्प परत आला, फ्लीटवूड देवाने आपल्या तोंडावर थुंकलं म्हणत रडत बसला. १६६० च्या पहिल्या दिवसांत मंकने स्कॉटलंडच्या सीमेवरची ट्वीड नदी ओलांडली, त्याची फौज पगार मिळालेली आणि चाळून घेतलेली होती, फरक तोच पडला. २९ मे १६६० ला दुसरा चार्ल्स लंडनमध्ये आला. पुढच्याच वर्षी त्याच्या पोर्तुगालशी झालेल्या लग्नाच्या करारात मुंबई बेट आंदणात आलं, १६६८ मध्ये ते त्याने वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिलं. एप्रिलमधला तो थकलेला पगार वेळेवर मिळाला असता तर निदान या वाटेने मुंबई इंग्रजांकडे आली नसती, हे मला नकाशा बघताना नेहमी आठवतं.

रिचर्ड १६६० च्या उन्हाळ्यात बायको-मुलांना मागे ठेवून फ्रान्सला गेला आणि जॉन क्लार्क या नावाने राहिला. डोरोथी त्याला परत कधी दिसली नाही, ती तिकडे हर्सलीलाच वारली. वीस वर्षांनी तो इंग्लंडला परतला, चेशंटला एका ओळखीच्या कुटुंबात भाडेकरू म्हणून, नाव तेच, क्लार्क. राजे बदलत गेले, चार्ल्स, जेम्स, विल्यम, मग ॲन, त्याला कोणी हात लावला नाही. १७०५ मध्ये त्याचा मुलगा, नाव ऑलिव्हरच, निपुत्रिक वारला आणि हर्सलीच्या वाड्यावर बापाचा हयातीपुरता हक्क की बहिणींचा, असा वाद उभा राहिला. लेकींनी म्हाताऱ्याला जमीन द्यायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं. सांगतात की ऐंशीला टेकलेला तो माणूस कोर्टात उभा राहिला तेव्हा न्यायाधीशाने त्याच्यासाठी खुर्ची मागवली. या वेळी कागद होता, साक्ष होती, करारात हक्क स्पष्ट लिहिलेला होता. निकाल रिचर्डच्या बाजूने लागला, आणि १२ जुलै १७१२ ला तो वारला तेव्हा हर्सली त्याच्याच नावावर होतं.